आठ लाखांत साठ लाखांची ऐट

समजा तुमच्याकडे आठ लाख रुपये आहेत. तुमच्याकडे नसतील, बँकेकडे आहेत, तेवढं चालतं. घर घोडबंदर रोडला, म्हणजे ठाणे स्टेशनपासून ‘अवघ्या वीस मिनिटांवर’, असं निदान बिल्डरच्या माहितीपत्रकात छापलेलं होतं. आईच्या गुडघ्यांना रिक्षाची पायरी झेपत नाही, पावसाळ्यात स्कूटरवर डबा, दप्तर आणि मुलगी तिन्ही भिजतात, तेव्हा गाडी घ्यायची हे पक्कं. आता प्रश्न एकच. शोरूममधली नवी कोरी वॅगनआर घ्यायची, की त्याच पैशात दहा वर्षं वापरलेली, नवी असताना साठ लाखांना गेलेली जर्मन गाडी?

माझा सल्ला विचाराल तर डोळे झाकून दुसरी घ्या. डोळे झाकून हे शब्दशः घ्या. उघडे ठेवलेत तर व्यवहार होणार नाही.

आधी नव्या छोट्या गाडीचा निकाल लावू. तिच्या बाजूने सरकार आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जी वस्तू सरकार स्वस्त करतं ती आपल्या प्रतिष्ठेला शोभते का, हे तुम्हीच ठरवा. ही चार मीटरची रेघ २००६ च्या अर्थसंकल्पातली. तेव्हापासून कंपन्या मागून डिकी छाटून गाड्या त्या रेघेत बसवतायत. म्हणजे शिंप्याने कापड उरलं नाही म्हणून शर्टाच्या बाह्या अर्ध्या ठेवाव्यात आणि आपण त्याला फॅशन म्हणावं.

मग डिलिव्हरीचा सोहळा. गाडीवर लाल सॅटिन, शेजारी केक, हातात पुठ्ठ्याची भलीमोठी चावी, ‘सर, मॅडम, इकडे बघा’. तिथून थेट कौपिनेश्वराला. जांभळी नाक्यावर गाडी उभी करायला जागा कुठली, त्यामुळे तुम्ही तलावपाळीला फेऱ्या मारत राहता आणि घरातली मंडळी देवळातून हार-नारळ आणून, सिग्नल लागला की तेवढ्या वेळात पूजा उरकतात. चाकाखाली चार लिंबं चिरडून घरी आलात की सोसायटीत दोन प्रश्न होतात. ‘कितीला पडली?’ आणि ‘ॲव्हरेज किती देते?’ दोन्ही उत्तरं विचारणाऱ्याला आधीच पाठ असतात. मग तो बॉनेटवर टिचकी मारून म्हणतो, ‘छान आहे. पुढच्या वेळी मोठी घ्या.’ संपलं. सात वर्षांच्या हप्त्यांचं कौतुक सात सेकंदांत आटोपलं.

त्यानंतर त्या गाडीला काहीही होत नाही. हा तिचा सगळ्यात मोठा दोष. सकाळी चावी फिरवली की सुरू. सर्व्हिसिंगला टाकली की संध्याकाळी परत, बिल चार आकडी. सीटवरचं प्लास्टिक तिसऱ्या दिवाळीपर्यंत तसंच. रविवारी चहाला लोक जमले की तुम्ही काय बोलणार? माणसाला सांगायला एखादं दुःख तरी हवं की नाही?

आणि मुख्य मुद्दा. नव्या छोट्या गाडीची किंमत अख्ख्या जगाला माहीत असते. २००८ मध्ये टाटांनी लाखभर रुपयांची नॅनो जगाला दाखवली तेव्हा हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. ‘लखटकिया’ हे नाव कौतुकानेच ठेवलं गेलं, पण आपला माणूस टाकीवर पोरगा आणि मागे बायको घेऊन स्कूटरवर भिजत जाईल, पण ज्या गाडीची किंमत रस्त्यावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे त्या गाडीत बसणार नाही. जुन्या आलिशान गाडीचं तसं नाही. ती कितीला घेतली हे फक्त तुम्हाला, बायकोला आणि डीलरला माहीत. बाकी सगळे साठ लाख धरून चालतात. त्यांना चालू द्या.

आमच्या गेटवरचा वॉचमन घ्या. मेव्हण्याची छोटी गाडी घेऊन मी चार दिवस येत-जात होतो. चारही दिवस त्याने रजिस्टर पुढे केलं. ‘कौनसा फ्लॅट, साब?’ नऊ वर्षं राहतोय मी तिथे. पाचव्या दिवशी मोठी गाडी आणली तर दोन्ही हातांनी गेट उघडून, टाचा जुळवून कडक सलाम. आठ लाखांत एवढा मान तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळतो ते सांगा.

तेव्हा आता खरेदीकडे वळू. माझी गाडी कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. आमच्या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. पूर्वी बायका नवऱ्याचं घेत नसत तसं. बायको तिला ‘तुमची ती’ म्हणते.

डीलरकडे गेलात की तो सांगेल, ‘डॉक्टरची गाडी आहे.’ जुन्या बाजारातली प्रत्येक मोठी गाडी डॉक्टरचीच असते. सिंगल ओनर, नॉन-ॲक्सिडेंटल, रात्री बाहेर काढलेली नाही, पावसात भिजलेली नाही. मीटरवर ४२ हजार किलोमीटर. इथे तुम्हाला खाली वाकून पाहायचा मोह होईल. पाहू नका. मी पाहिलं. ब्रेकच्या पॅडलचं रबर एका बाजूने झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. ड्रायव्हरच्या काचेच्या बटणावरचं चित्र पुसून गेलं होतं. स्टिअरिंगचं कातडं जुन्या देव्हाऱ्याच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत. ४२ हजार किलोमीटरमध्ये डॉक्टरांनी ब्रेक फार मारले असणार, गल्ल्यांत पेशंट पाहायला जात असतील, अशी मी मनाची समजूत घातली. तुम्हीही घाला. सर्व्हिस रेकॉर्ड मागू नका. एवढ्या मोठ्या गाडीला कोणी हिशेब विचारतं का?

ओळखीचा मेकॅनिक स्कॅनर घेऊन सोबत न्यायचा सल्ला काही लोक देतात. असल्या लोकांमुळेच लग्नं मोडतात. मुलगी बघायला जाताना कोणी एक्स-रे मशीन नेत नाही. आणि नेऊन उपयोग काय? डॅशबोर्डवरचे धोक्याचे दिवे डीलरने स्कॅनर लावून आधीच पुसलेले असतात; जाणकार मेकॅनिकला ते पुसल्याचंही कळतं, म्हणून तर त्याला न्यायचं नाही. मी वाशीहून गाडी काढली तेव्हा डॅशबोर्ड काळाभोर, शांत. ठाणे-बेलापूर रोडने दिघ्यापर्यंत येईतो त्यावर दिवाळी लागली होती.

नंबर प्लेट दिल्लीची असेल तर किंमत आणखी खाली येते. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची तलवार कित्येक वर्षं लटकतेय, त्यामुळे बिचाऱ्या गाड्या दक्षिणेकडे येतात. आरटीओची एनओसी आणा, इथला रोड टॅक्स भरा, नवं पासिंग करा. तोवर एजंट घरच्यासारखा होतो. आमच्या एजंटाने मुलीच्या मुंजीला, चुकलो, मुलाच्या मुंजीला बोलावलं होतं. बघा, फॉर्म २८, २९ आणि ३० भरून भरून माझं हे असं होतं. (दिल्लीपर्यंत जायचं नसेल तर एक आतली गोष्ट: २०१० मध्ये औरंगाबादच्या मंडळींनी एका दिवसात दीडशे मर्सिडीज घाऊक घेतल्या होत्या. त्या आता पंधरा वर्षांच्या पुढे गेल्या. चौकशी करायला हरकत नाही.)

गाडी घरी आली की पहिला प्रश्न पार्किंगचा. आमच्याकडे यांत्रिक पार्किंग आहे. लोखंडी पाळण्यावर गाडी चढवायची, बटण दाबायचं. वॅगनआर त्यावर अलगद बसते, लांबीच ३,६५५ मिलिमीटर. उंचीत तेवढी थोडी अडते, म्हणून तिला वरचा मजला. ‘तुमची ती’ जवळजवळ पाच मीटर. नाक कठड्याला टेकवलं तरी ढुंगण बाहेर. सेक्रेटरी म्हणाले, ‘वजन किती हिचं?’ मी अभिमानाने म्हटलं, ‘पावणेदोन टन.’ त्यांनी पाळण्यावर लिहिलेला आकडा बोटाने दाखवला आणि गेले. तेव्हापासून ती पाहुण्यांच्या जागेवर, म्हणजे गेटसमोर, सगळ्यांना दिसेल अशी उभी. देव एक दार बंद करतो तेव्हा अशी व्यवस्था करतो.

आता तिच्या स्वभावाविषयी. ही गाडी जर्मनीच्या हमरस्त्यांसाठी घडवलेली. डिझेल असेल तर धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती गाळणी स्वतःला जाळून साफ करते, पण त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं सलग वेगात पळवावी लागते. घोडबंदर रोडवर सलग पंधरा मिनिटं! मानपाडा ते कापूरबावडी आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढतो, मेट्रोच्या खांबांची गणती करत. तेव्हा गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडी रुसते. मेकॅनिकने उपाय सांगितला, ‘साहेब, आठवड्यातून एकदा रात्री समृद्धीला नेऊन पळवून आणा.’ म्हणजे रोज ऑफिसला जाऊन दमलेल्या गाडीला शनिवारी रात्री इगतपुरीपर्यंत फिरवून आणायचं. आईला देवदर्शनाला नेलं त्याला दोन वर्षं झाली.

एअर सस्पेन्शन हा मात्र खरा दागिना. स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे. खड्डा कळत नाही, अगदी खरं; गायमुख घाटात मी हे स्वतः अनुभवलंय, एकदा. फुगा म्हटला की वयाने चिरा जाणार, हवा रात्रभर सुसू करत निघून जाणार. एका सकाळी बायको खिडकीतून म्हणाली, ‘अहो, तुमची ती बसलीय.’ मी म्हटलं, ‘कुठे बसलीय?’ ‘खाली. मागून.’ जाऊन पाहिलं, तर डबक्यात म्हैस बसावी तशी मागचा भाग जमिनीला टेकवून, तोंड वर करून बसली होती. सुरू केली तर कण्हत कण्हत उठली. गळका फुगा भरता भरता कॉम्प्रेसरला उसंत मिळत नाही, मग तोही जळतो. तसा जळला.

वागळे इस्टेटमधल्या गॅरेजवाल्याने कोटेशन दिलं. एका कोपऱ्याचा फुगा लाखाच्या पुढे.

‘गाडीच आठ लाखांची आहे हो!’ मी म्हणालो.

‘ते तुम्हाला माहितीय साहेब,’ तो हात पुसत म्हणाला. ‘पार्टला कुठे माहितीय?’

मग त्याने कुर्ल्याला जुन्या मालात पाहतो असं सांगितलं. म्हणजे दुसऱ्या एका डॉक्टरच्या गाडीचा फुगा.

बाकी किरकोळ. बॅटरी बदलली तर ते गाडीच्या कॉम्प्युटरला रीतसर कळवावं लागतं, नाहीतर ती जुनी समजूनच चार्ज करत बसते. टायर रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर धावणारे, म्हणून डिकीत स्टेपनी नाही. पाटलीपाड्याच्या पंक्चरवाल्याने टायरला हात लावून पाहिला आणि देवाला लावतात तसा कपाळाला लावला. सनरूफच्या नळ्यांत पिंपळाची पानं अडकली आणि जुलैत मागच्या सीटवर थेंब थेंब अभिषेक सुरू झाला. विम्याचं म्हणाल तर या वयाच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारा विमा, सहसा मिळत नाही. प्लास्टिक आणि रबराच्या भागांचे निम्मे पैसे कापून घेतात, आणि बंपर लागतो तेव्हा कळतं की साठ लाखांच्या गाडीचा बंपरही प्लास्टिकचाच असतो.

पण फायदे बघा. रविवारच्या चहाला आता विषयाची कमतरता नाही. मेव्हणा, ज्याची छोटी गाडी गेली सहा वर्षं मुकाट्याने चालतेय, तो कोपऱ्यात बसून ऐकतो. त्याला बोलायला काही नाहीच. गेल्या गणपतीत त्यालाच फोन करून आईला दवाखान्यात न्यावं लागलं, पण जाताना आई त्याला रस्ताभर आमच्या गाडीच्या सीट किती मऊ आहेत ते सांगत होती.

परवा ती सुरूच होईना. सपाट पाठीचा टोइंग ट्रक आला. तिला दोरखंडाने वर ओढली, चारही चाकं पट्ट्यांनी आवळली. केबिनमध्ये ड्रायव्हर आणि त्याचा पोरगा, मला जागा नव्हती, म्हणून मी मागोमाग रिक्षा केली. ट्रक गेटपाशी आला. नवऱ्या मुलासारखी उंचावर बसलेली, काळी, धुतलेली गाडी पाहून वॉचमन उठला, दोन्ही हातांनी गेट उघडलं आणि टाचा जुळवून तिला कडक सलाम ठोकला.

मग माझी रिक्षा आली. त्याने रजिस्टर पुढे केलं.