'फक्त 27 दुरुस्त्या' म्हणे!

26 जानेवारी जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर, मामे-मावस भावंडांच्या ग्रुपवर. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: "अमेरिकेची घटना 1787 ची. सव्वादोनशे वर्षांत फक्त 27 दुरुस्त्या! आपली 75 वर्षांत शंभरावर. कारण त्यांच्या पूर्वजांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समान हक्क दिले. लिंकनने एका सहीने गुलामगिरी संपवली. 1920 ला सगळ्या स्त्रियांना मत मिळालं. तिथे घटनेला हात लावायची कुणाची हिंमत नाही. म्हणून तर आपली मुलं तिथे जन्मली की थेट नागरिक!" शेवटी जोडलेले हात आणि अमेरिकेचा झेंडा.

27 हा आकडा बरोबर आहे. बाकीचं एकेक घेऊ.

"पहिल्याच दिवशी सगळ्यांना समान हक्क दिले."

फिलाडेल्फियात 1787 च्या उन्हाळ्यात जो मसुदा झाला, त्यात भाषणस्वातंत्र्य नाही, धर्मस्वातंत्र्य नाही, विनाकारण झडती घेऊ नये असं कलम नाही. मग होतं काय? राज्याला प्रतिनिधिगृहात किती जागा द्यायच्या हे ठरवताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, हे होतं. गुलामांच्या आयातीवर 1808 पर्यंत बंदी घालता येणार नाही, हे होतं. पळून दुसऱ्या राज्यात गेलेला गुलाम मालकाला परत करायचा, हेही होतं. गंमत अशी की 'गुलाम' हा शब्द मात्र त्या मसुद्यात कुठेही नाही. 'इतर व्यक्ती' वगैरे म्हणून वेळ मारून नेली आहे. लिहिणाऱ्यांना लाज होती, एवढं तरी म्हणता येईल.

हक्कांची यादी नाही म्हणून राज्यांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे 1789 मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, 12 दुरुस्त्या राज्यांकडे धाडल्या. त्यातल्या 10 डिसेंबर 1791 मध्ये मंजूर झाल्या. म्हणजे 27 पैकी 10 दुरुस्त्या म्हणजे मूळ घटनेत राहून गेलेल्या गोष्टी, ज्या लगोलग जोडाव्या लागल्या. पुढे 18 व्या दुरुस्तीने दारूबंदी आणली आणि 21 वीने ती उठवली, हिशेब शून्य. उरल्या 15. आकड्याचंच कौतुक करायचं तर मग हा आकडा सांगा की!

आणि त्या 10 दुरुस्त्या तरी कुणाला बांधील होत्या? फक्त केंद्र सरकारला. बाल्टिमोरच्या एका धक्केमालकाने शहराच्या कामांमुळे आपल्या धक्क्यापाशी गाळ साचला म्हणून भरपाई मागितली, तेव्हा 1833 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साफ सांगितलं की या दुरुस्त्या राज्यांना लागू नाहीत. थोडक्यात, तुमच्या राज्याने तुमचं वर्तमानपत्र बंद पाडलं तर पहिली दुरुस्ती तुमच्या कामाची नव्हती. हे हक्क राज्यांविरुद्ध वापरता यायला लागले ते 14 व्या दुरुस्तीच्या आधाराने, तेही 1925 नंतर, एकेक हक्क, एकेक खटला करत. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला राज्याने वकील दिलाच पाहिजे, हे ठरायला 1963 साल उजाडलं. फ्लोरिडाच्या तुरुंगातून क्लॅरेन्स गिडियन नावाच्या कैद्याने पेन्सिलीने अर्ज लिहिला, त्यावर तो निकाल झाला.

"लिंकनने एका सहीने गुलामगिरी संपवली."

हा मुद्दा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात कच्चा. 1 जानेवारी 1863 ची ती गुलाममुक्तीची घोषणा म्हणजे यादवी युद्धातला हुकूम होता. तो लागू होता फक्त केंद्रातून फुटलेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांना. केंटकी, मिसुरी, मेरिलँड आणि डेलावेअर ही गुलाम बाळगणारी राज्यं केंद्राच्या बाजूने होती, म्हणून त्यांना हातही लावला नव्हता. केंटकी हे खुद्द लिंकनचं जन्मस्थान. तिथली आणि डेलावेअरमधली गुलामगिरी संपली ती डिसेंबर 1865 मध्ये, 13 वी दुरुस्ती मंजूर झाल्यावर. तेव्हा लिंकनचा खून होऊन जवळपास आठ महिने झाले होते.

त्याआधीची एक गोष्ट फॉरवर्डवाल्यांना कुणी सांगितलेली दिसत नाही. मार्च 1861 मध्ये, युद्ध टाळण्याच्या शेवटच्या धडपडीत, काँग्रेसने एक वेगळीच 13 वी दुरुस्ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली होती. राज्यांमधल्या गुलामगिरीला काँग्रेसने कधीही हात लावायचा नाही, असा तिचा अर्थ. लिंकनने पदग्रहणाच्या भाषणात आपली तिला हरकत नसल्याचं सांगितलं. पुरेशा राज्यांची मंजुरी मिळण्याआधीच युद्ध पेटलं आणि ती बारगळली. चार वर्षांत त्याच क्रमांकावर नेमकी उलट दुरुस्ती बसली. 31 जानेवारी 1865 ला प्रतिनिधिगृहात 119 विरुद्ध 56 मतं पडली. दोन तृतीयांशाची अट होती. तीन मतं फिरली असती तर ती पुन्हा लटकली असती.

या दुरुस्तीत एक फट राहिली: 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल ते वगळून'. दक्षिणेतल्या राज्यांनी लगेच कायदे केले की काम नसताना फिरणं हाच गुन्हा. मग पकडायचं, शिक्षा ठोठावायची आणि कैदी भाड्याने द्यायचा, खाणीत नाहीतर कापसाच्या शेतात. मालक बदलला, चाबूक तोच.

1868 मध्ये 14 वी दुरुस्ती आली: नागरिकत्व आणि कायद्याचं समान संरक्षण. 1870 मध्ये 15 वी: वंश वा रंगावरून मताधिकार नाकारायचा नाही. कागदावर इतकं सुंदर चित्र की 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं. त्यांनी केलं ते योग्यच होतं. पुण्यात बसून त्यांना दिसत होता तो रक्त सांडून झालेला बदल. पण त्याच वर्षीच्या ईस्टरला लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या टोळीने किमान साठ कृष्णवर्णीयांना मारलं, त्यातले बरेचसे शरण आल्यावर. खटला वर गेला. 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, 14 वी दुरुस्ती सरकारला आवरते, खासगी माणसांना नाही. दोषी ठरलेले सुटले.

त्यानंतर 15 व्या दुरुस्तीला बगल देण्याचा उद्योग सुरू झाला. रंगाचं नाव घ्यायचंच नाही. पोल टॅक्स, म्हणजे मत द्यायचं तर आधी भरायचा कर, लावायचा, साक्षरतेची परीक्षा घ्यायची. मग गरीब, निरक्षर गोऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी लुईझियानाने 1898 मध्ये तोडगा काढला: ज्याचा बाप किंवा आजा 1867 च्या सुरुवातीपूर्वी मतदार होता, त्याला परीक्षा माफ. 1867 पूर्वी तिथे कुठल्या काळ्या माणसाच्या आज्याला मत होतं? 1896 मध्ये त्या राज्यात सुमारे 1 लाख 30 हजार कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. 1904 मध्ये उरले 1,342. अमेरिकेच्या घटनेतला एक शब्दही बदलला नव्हता.

हे उलटलं ते 1964 च्या 24 व्या दुरुस्तीने काही अंशी (तिने केंद्रीय निवडणुकांतला पोल टॅक्स काढला) आणि खरं तर 1965 च्या मतदान हक्क कायद्याने. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताधिकारासाठी मोर्चा काढणाऱ्या माणसांची डोकी फुटल्यावर झालेला हा साधा कायदा, दुरुस्ती नव्हे. त्याचा पाया मात्र 15 व्या दुरुस्तीतच होता. ती अमलात आणायचा अधिकार काँग्रेसला तिनेच दिलेला होता आणि तो 95 वर्षं जवळपास पडून होता. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी 6.7 टक्के होती, ती 1967 पर्यंत 59.8 टक्क्यांवर गेली. शाळांचंही तसंच. 'समान संरक्षण' या शब्दांचा अर्थ 1896 मध्ये 'वेगळे पण समान' असा लावला आणि 1954 मध्ये तेच शब्द वाचून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

"1920 ला सगळ्या स्त्रियांना मत मिळालं."

'सगळ्या' खोडा. दक्षिणेतल्या काळ्या स्त्रियांसमोर वर सांगितलेलं सगळं जसंच्या तसं उभं होतं. आदिवासी स्त्री-पुरुषांपैकी अनेकांना नागरिकत्वच 1924 मध्ये मिळालं. आणि जे मिळालं तेही केसावर: दुरुस्तीला लागणारी शेवटची मंजुरी देणाऱ्या टेनेसीच्या विधिमंडळात हॅरी बर्न या 24 वर्षांच्या सदस्याने आईचं पत्र वाचून मत फिरवलं म्हणून. आईचं ऐकणारा मुलगा एकदा तरी घटनेच्या कामी आला.

"घटनेला हात लावायची कुणाची हिंमत नाही."

हिंमत भरपूर आहे. आजवर 11 हजारांहून अधिक दुरुस्त्यांचे प्रस्ताव काँग्रेसमध्ये मांडले गेले. राज्यांकडे गेले 33. मंजूर 27. कारण अट भयंकर आहे: दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग 50 पैकी 38 राज्यं. 13 राज्यं अडून बसली की खेळ खलास. स्त्री-पुरुष समानतेची दुरुस्ती 1972 मध्ये राज्यांकडे गेली. मुदतीत 38 राज्यं जमली नाहीत आणि आजही ती घटनेत नाही. उलट 1789 च्या त्या 12 मधली एक, खासदारांच्या पगाराबद्दलची, 1992 मध्ये मंजूर झाली, 202 वर्षांनी. टेक्सासच्या ग्रेगरी वॉटसन या विद्यार्थ्याने 1982 मध्ये तिच्यावर निबंध लिहिला होता. त्याला 'सी' श्रेणी मिळाली, म्हणून त्याने पत्रं धाडून राज्यं जमवली. तीच ही 27 वी दुरुस्ती.

आपल्याशी तुलनाच करायची तर नीट करा. अमेरिकेत प्रत्येक राज्याची वेगळी घटना आहे आणि ती सर्रास बदलते. अलाबामाच्या 1901 च्या घटनेला नऊशेवर दुरुस्त्या झाल्या. भारतात केंद्र आणि राज्यांचा कारभार एकाच घटनेत लिहिलेला आहे, त्यामुळे गोवा राज्य होताना विधानसभेत किमान किती सदस्य हवेत, यासाठीही 56 वी दुरुस्ती लागली. आपल्या 106 मध्ये आणीबाणीतली 42 वीही आहे, तिचं कौतुक मी करणार नाही. पण आकड्याला आकडा लावून काही कळत नाही.

"म्हणून आपली मुलं तिथे जन्मली की थेट नागरिक."

म्हणून नाही. 1787 च्या घटनेत नागरिक कोण हे लिहिलेलंच नाही. 1857 मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात न्यायालयाने काळा माणूस, मुक्त असला तरी, अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही असं ठरवलं. तो निकाल पुसायला 14 व्या दुरुस्तीचं पहिलं वाक्य लिहिलं गेलं: अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात येणारा प्रत्येकजण तिचा नागरिक. सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्कने 1898 मध्ये त्याच वाक्यावर खटला जिंकला. त्याच्या चिनी आईबापांना मात्र नागरिक होता येत नव्हतं. आपल्यालाही नव्हतं. भगतसिंग थिंद अमेरिकी सैन्यात राहून आले होते, तरी 1923 मध्ये न्यायालयाने त्यांना 'गोरे' मानलं नाही आणि नागरिकत्व नाकारलं. भारतीयांसाठी ते दार 1946 मध्ये उघडलं, वर्षाला शंभर माणसांच्या कोट्यासह.

20 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी एक आदेश काढला: आई तात्पुरत्या व्हिसावर आणि बाप नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नाही, अशा मुलांना जन्मतः नागरिकत्व नाही. एच-वन-बीवाल्या कितीतरी मराठी घरांत तेव्हा प्रसूतीच्या तारखा मोजल्या गेल्या. आदेश लगोलग न्यायालयात गेला, आणि तिथे वाद झडला तो 1868 मध्ये मुक्त गुलामांसाठी लिहिलेल्या त्या एका वाक्यावर.