आधी लगीन माळ्याचं

रविवारची मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि बायको पदर खोचून टीव्हीच्या आड उभी राहिली. "आधी लगीन माळ्याचं, मग तुमच्या मॅचचं."

मी साताऱ्यातला इतिहासाचा मास्तर. घरातल्यांकडून ऐतिहासिक वाक्यं घोकून घेतली ती मीच, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? तानाजीनं १६७० साली कोंढाणा घेतला खरा, पण त्याच्यासोबत मावळे होते, शिवाय दंतकथेतली का होईना, घोरपड होती. मला मिळाली शेजारच्या काकूंची डुगडुगती शिडी.

"सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" मी पुटपुटलो. टिळकांनी हे १८९७ साली 'केसरी'त विचारलं आणि त्याच वर्षी त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. (शिक्षा दुसऱ्या मजकुराबद्दल होती, पण सरकार डूख धरतंच.) मला माळ्यासोबत कपाटावरच्या बॅगाही मिळाल्या.

वर गणपतीचं मखर, आजीचा तांब्याचा बंब, 'शिट्टी मिळाली की वापरू' म्हणून ठेवलेला कुकर. बंब सरकवताना डोकं तुळईवर आपटलं. खालून आवाज आला, "काय मास्तर, आणखी आवरणार का?"

दत्ताजी शिंदे मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या कण्हेरखेडच्या घराण्यातले. १७६० साली बुराडी घाटावर जखमी होऊन पडले, तरी "बचेंगे तो और भी लढेंगे" म्हणाले. मीही दोन शिंका देऊन म्हणालो, "बचेंगे तो और भी झाडेंगे!"

तेवढ्यात मखरामागून पाल निघाली. पाल कसली, यशवंतीच! मी शिडीकडे झेपावलो. शिडी नव्हती.

"दोर मी कधीच कापलेत!" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "काकूंना त्यांचाही माळा काढायचाय."

सूर्याजीला मी आजवर उगाच मार्क देत आलो.

संध्याकाळी पुण्याहून धाकट्या भावाचा मेसेज आला, 'दादा, माझं सामान आहे ना वर?' पानिपतची बातमी सावकाराच्या पत्रातून सांकेतिक भाषेत आली होती. मीही तसंच कळवलं : 'दोन ढाली गळाल्या, २७ दिवाळी अंक हरपले, कॅसेटी किती गेल्या त्याची गणती नाही.'

'भंगाराचे किती आले?'

पाव किलो कंदी पेढ्यांपुरते. तेही सरकारजमा.