खुलासा: शेळीच्या रक्ताचा नमुना फ्रीजरमध्ये ठेवू नका

शेळीपालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'शेळ्या गाभडत असतील तर ब्रुसेला तपासणीसाठी कुठल्याही नळीत रक्त घ्या, फ्रीजरमध्ये गोठवा आणि लॅबला पाठवा.' ब्रुसेला म्हणजे शेळ्यांना गाभडवणारा जंतू; त्याच्या तपासणीसाठी ही पद्धत चुकीची आहे.

घोळ बहुधा 'गोठू द्या' या शब्दांचा असावा. रक्त साकळू द्यायचे असते, बर्फासारखे गोठवायचे नसते. अख्खे रक्त फ्रीजरमध्ये गेले की तांबड्या पेशी फुटतात आणि सिरम (रक्त साकळल्यावर वर सुटणारे पाणी) लालभडक होते. ब्रुसेलासाठीच्या रोझ बेंगॉल चाचणीत सिरमच्या थेंबात गुलाबी अँटिजेन (मेलेल्या ब्रुसेला जंतूंचे रंगवलेले द्रावण) मिसळून बारीक कण जमतात का ते पाहतात. लाल सिरममध्ये ते दिसणार कसे?

मानेच्या शिरेतून साधारण 5 मिली रक्त लाल झाकणाच्या साध्या नळीत घ्यावे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त साकळत नाही, त्यामुळे सिरम मिळत नाही. सुईतून जोराने पिचकारी मारू नये, नळी हलवू नये. तिरकी करून सावलीत तास-दोन तास ठेवावी. वर सुटलेले पिवळसर सिरम स्वच्छ नळीत काढावे. तेवढे सिरम मात्र गोठवले तरी चालते.

नळीवर बिल्ला क्रमांक आणि तारीख लिहा. कागदात गुंडाळलेल्या आइस पॅकसह थर्माकोलच्या डब्यात ठेवून शनिवार-रविवार टाळून पाठवा. ब्रुसेलाचा रोग माणसालाही होतो, म्हणून हातमोजे हवेतच. रक्त पशुवैद्यकांकडूनच काढून घ्या.

तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवला असेल त्यांना हा खुलासा द्या.