खुलासा: लठ्ठपणाची शस्त्रक्रिया म्हणजे चरबी काढणं नव्हे

‘ऑपरेशन करून पोटाची चरबी काढतात, मग काहीही खा, वजन वाढत नाही’ असा मेसेज फिरतो आहे. त्यातलं एकही विधान खरं नाही.

चरबी ओढून काढतात ते लायपोसक्शन. ते शरीराला आकार देण्यासाठी असतं, लठ्ठपणावरचा उपचार म्हणून नाही. बॅरिअ‍ॅट्रिक म्हणजे लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया जठरावर, काही प्रकारांत आतड्यावरही होते. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढतात, केळ्याच्या आकाराची नळी उरते. चार घासांत पोट भरतं. शिवाय भूक चाळवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः त्या काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मंदावते. ‘बायपास’ प्रकारात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यानंतर तर अनेक मधुमेहींची साखर वजन फारसं उतरण्याआधीच खाली येते. याला ‘आळशी माणसाचा शॉर्टकट’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

आणि ‘काहीही खा’ हा सल्ला तर घातकच! सावकाश चावून खाणं, पुरेशी प्रथिनं, बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या, वेळोवेळी रक्ततपासणी हे सगळं जन्मभर चालतं. काहींचं वजन काही वर्षांनी पुन्हा चढतंही.

ही शस्त्रक्रिया सरसकट कुणाचीही करत नाहीत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३५ किंवा अधिक असलेल्यांना ती सुचवली आहे. टाइप २ मधुमेह असेल तर ३० पासून.