झापे की भिंत

गुहागरच्या आमच्या घराची पश्चिमेकडची पडवी उघडी असल्यामुळे दर वर्षी मृगापूर्वी तिला माडाच्या झावळ्यांची झापे बांधावी लागतात, आणि एकदाची चिऱ्याची भिंतच का घालत नाही, हा आमच्या सौभाग्यवतींचा वार्षिक प्रश्न असतो. यंदा ते काम मी पुढे ढकलले, कारण त्याहून निकडीचे काम निघाले होते. मला ब्राउझर निवडायचा होता.

माझ्या जुन्या ब्राउझरला अकरा एक्स्टेन्शने, म्हणजे बाहेरून जोडलेल्या सोयी, लटकत होती. जाहिराती अडवणारे एक, पान काळे करून डोळ्यांना गारवा देणारे एक, न वापरलेले टॅब झोपवणारे एक. आणि एक तर कशासाठी घेतले होते तेच आठवत नसल्यामुळे काढण्याचा धीर होत नव्हता. एके दिवशी हवामानाचे पान उघडले, तर पान काळे आणि अक्षरेही काळी. गुन्हेगार शोधण्यासाठी आधी निम्मी एक्स्टेन्शने बंद करायची, मग उरलेल्यांतली निम्मी, अशी शास्त्रशुद्ध पद्धत असते. मी सहावरून तीनवर आलो आणि वीज गेली. ती परत येईपर्यंत कोणती तीन, हे मी विसरलो होतो.

पुण्याहून आलेला भाचा म्हणाला, "मामा, ज्यात सगळं आयतं मिळतं तो घ्या ना!" त्याने विवाल्डी दाखवला: मेल, टिपणे, टॅबच्या चळती, जाहिरातबंदी, सारे घरचेच. त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. कित्येक एक्स्टेन्शने बसवतानाच सर्व संकेतस्थळांवरचा तुमचा सर्व डेटा वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी मागतात. जाहिरात पुसायची तर पान वाचावेच लागते, हे मान्य. तरी नारळ पाडायला आलेल्या पाडेल्याने माडावर चढण्याआधी कपाटाच्या किल्ल्या मागाव्यात, तसे मला होते. शिवाय आतला सांगाडा बदलला की बाहेरून बांधलेले आधी उडते. नोव्हेंबर २०१७मध्ये फायरफॉक्सची ५७वी आवृत्ती आली आणि जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शने एका दमात निकामी झाली; पुढे क्रोमने ‘मॅनिफेस्ट व्ही३’ ही नवी नियमावली लागू केल्यावर यूब्लॉक ओरिजिन या जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनला तिथून मुक्काम हलवावा लागला. ब्रेव्ह नावाच्या ब्राउझरची जाहिरातबंदी त्याच्या पोटातच असल्यामुळे तिचे काही अडले नाही.

हे सारे मी सौभाग्यवतींना उत्साहाने समजावून सांगितले.

"म्हणजे भिंतच बरी," त्या म्हणाल्या आणि आंबोशी उलथायला खळ्यात निघून गेल्या.

चिडून मी एक सर्वसोयीयुक्त ब्राउझर उतरवून घेतला. त्याच्या सेटिंग्जमध्ये शिरलो तो दुपारच्या चहालाच बाहेर आलो, तोवर पत्त्याची पट्टी पानाच्या तळाशी जाऊन बसली होती आणि तिला वर कसे न्यावे ते मला सापडेना. आयत्या सोयींचे दुखणे हे की, नको असलेली सोय पुष्कळदा काढता येत नाही, नुसती लपवता येते; माजघरातल्या आजोबांच्या शिसवी पेटाऱ्यावर आम्ही चादर टाकतो, तशी. एक्स्टेन्शन निदान हाकलता तरी येते.

अखेर दोन्ही ब्राउझर शेजारी शेजारी उघडून तुलना करायला मी पडवीत बसलो, कारण घरात रेंज येते ती पडवीच्या त्या एकाच कोपऱ्यात. तिसऱ्या पानाशी आलो असताना समुद्राकडून मृगाची पहिली सर आडवीतिडवी आत घुसली. लॅपटॉप पोटाशी धरून मी माजघरात पळालो, आणि तिथे दोन्ही ब्राउझर तंतोतंत सारखेच चालत होते.