फिंचला एकादशी नसते

"दादा, वाचलास काय? प्रश्नच मिटला की!" असं लिहून वडगावच्या धाकट्या बहिणीनं परवा रात्री मला एक मेसेज पुढं ढकलला. शुक्रवारी घरातले सगळे पुण्याला लग्नाला निघणार, चार दिवस घराला कुलूप, आणि भाच्याच्या पिंजऱ्यात चार फिंच, म्हणजे दाणे टिपणारे चिमुकले पक्षी. दोन झेब्रा, दोन बंगाली. मेसेजचं नाव 'गावाला जाताय? फिंचची काळजी सोडा!' आणि खाली 'पक्षितज्ज्ञांचा सल्ला'. कोण तज्ज्ञ, कुठले, काही नाही. हाच मेसेज आधी निपाणीच्या मेव्हण्यानं पाठवला होता, आणि काल सकाळी गल्लीतनं कानडीत आला. कानडीत येईपर्यंत राळ्याची नाचणी झाली होती. बाकी अक्षरन् अक्षर तेच.

सांगणं थोडक्यात असं. मोठी वाटी राळ्यानं शिगोशीग भरा, पाच दिवस बघायला नको. पिंजऱ्यावर काळं कापड टाका, म्हणजे पक्षी झोपून राहतात आणि भूक लागत नाही. एखाददुसरा उपवास घडला तर पोट साफ होतं. फिंच वाळवंटातला, त्याला पाणी लागत नाही, काकडीची फोड पुरे. जोडीला दुधात भिजवलेला पाव. आणि शेजाऱ्यांना पिंजऱ्याकडे फिरकू देऊ नका, पक्षी बिथरतात. वर फोटो कुणाचा, तर लाल मुनियाचा. ती आपल्याकडची रानातली, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं पिंजऱ्यात ठेवायलाच बंदी. तज्ज्ञांना एवढंही दिसलं नाही.

कापडाचं आधी घेतो, कारण बहिणीनं काळी ओढणी शोधूनही ठेवली होती.

झोपलेल्याला भूक लागत नाही असं ज्यानं लिहिलं, त्यानं एकदा पहाटे पिंजऱ्यासमोर बसावं. उजाडल्यावर फिंच आधी कुठं जातो? वाटीवर. गाणंबिणं मागनं. झेब्रा फिंचचं वजन किती, तर जेमतेम एक तोळा. एवढ्याशा अंगातली ऊब भराभर निघून जाते, ती टिकवायला रात्रभर अंगातली चरबी जाळावी लागते, आणि सकाळी ती भरून काढावी लागते. म्हणून तर तो दिवसभर टिपत असतो. अंधारात तो खात नाही, मेसेजमधलं खरं म्हणायचं तर तेवढंच. म्हणजे कापडानं भूक थांबत नाही, खाणं थांबतं. फिंच म्हणजे बेडूक नव्हे, मातीत शिरून पावसाची वाट बघायला. आणि ते उपवासाचं! आपल्याला एकादशी झेपते कारण आपल्या अंगावर साठा असतो. तोळाभराच्या जिवाला एक अख्खा दिवस उपास म्हणजे जिवावरचं दुखणं. रात्रीपुरता पिंजरा झाकावा, ते मीही करतो. पण सकाळी कापड काढणारा हात घरात हवा ना?

आता वाटी. हे कापडाहून घातक, कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं.

फिंच राळे गिळत नाही, सोलतो. दाणा चोचीत फिरवतो, आतला गर घेतो आणि टरफल तिथंच टाकतो, बऱ्याचदा वाटीतच. दिवसभरात वरती टरफलांचा थर साचतो आणि खालचे दाणे त्याच्याखाली गाडले जातात. वाटी दिसायला होती तशी भरलेली. मेसेज लिहिणाऱ्यानं वाटी बाहेरूनच बघितलेली दिसते.

मी पण एकदा तसाच फसलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही तीन दिवस सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेलो. शेजारच्या पोराला सांगितलं होतं, रोज वाटी बघ, संपली तर डब्यातनं घाल. त्यानं इमानानं रोज बघितली. आलो तेव्हा म्हणाला, "काका, संपलीच नाही की." एक मादी तळाच्या कागदावर पडली होती. नर पिसं फुलवून कोपऱ्यात, डोळे अर्धे मिटलेले. मी त्याला हातात घेतलं तर छातीचं मधलं हाड बोटाला धारेसारखं लागलं. मग वाटीवर फुंकर मारली. टरफलं भुसासारखी उडाली आणि स्टीलचा तळ चकाकला. तळाशी दाणे होते सात का आठ. पोराला काय बोलणार? फुंकर मारायची असते, हे मीच त्याला सांगितलं नव्हतं.

पाण्याच्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. झेब्रा फिंच मूळचा ऑस्ट्रेलियातला, तिथल्या कोरड्या मुलखातसुद्धा राहणारा. टॉम केड हे पक्षिशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1965 मध्ये 'फिजिऑलॉजिकल झूऑलॉजी' या नियतकालिकात दाखवून दिलं होतं, की काही झेब्रा फिंच नुसत्या कोरड्या दाण्यावर, प्यायला पाणी नसतानाही तग धरू शकतात. मेसेजवाल्याच्या कानावर यातलंच काहीतरी सांडलेलं असणार. पण ते प्रयोगशाळेत, माणसं रोज पक्ष्यांवर नजर ठेवून असताना. शिवाय तो अभ्यास पाण्याचा, दाणा तिथंही होताच. आणि भाच्याच्या बंगाली जोडीचं काय? त्या जातीचे पूर्वज मुनिया, त्यांचा वाळवंटाशी संबंध नाही. मे महिन्यात बंद खोलीत काकडीची फोड दुपारपर्यंत सुकून चामड्यासारखी होते, तिच्या भरवशावर चार पक्षी ठेवायचे? पाण्याच्या नळ्या दोन लावा. एखादीत हवेचा बुडबुडा अडकला की ती भरलेली दिसते आणि थेंब येत नाही.

दूधपाव: पक्ष्याला दूध पचत नाही, पाव संध्याकाळपर्यंत आंबतो आणि रात्री मुंग्यांची वारी लागते. पुढं.

शेजाऱ्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पिंजरा उचलून दुसऱ्या घरी नेला की फिंच खरंच बिथरतात, नवी जागा, नवे आवाज, त्यात घरात मांजर असलं तर विचारू नका. म्हणून पिंजरा हलवायचा नाही, माणसानं यायचं. रोज एकदा, शक्यतो सकाळी. आणि येणाऱ्याला निघायच्या आदल्या दिवशी बोलावून सगळं समोर करून दाखवायचं, फोनवर नाही. पक्ष्यामागं रोज साधारण एक चहाचा चमचा दाणे लागतात. चार पक्ष्यांना चार चमचे, वर दोन जास्तीचे. उंच वाटीऐवजी पसरट ताटल्या ठेवाव्यात आणि त्याही दोन, नाहीतर दांडगा नर एकीवर ठाण मांडून बसतो. दुकानात कांगणी म्हणून मिळते तेच राळे, कानडीत नवणे. नाचणी नव्हे.

बहिणीला रात्रीच फोन केला. आधी ती चिडली, "मग लग्नाला जाऊ नको म्हणतोस काय?" जा म्हटलं, पण समोरच्या आक्कांना किल्ली देऊन जा. आक्का कानडी बोलणाऱ्या, मराठी समजतं पण वाचता येत नाही. म्हणून काल संध्याकाळी वडगावला जाऊन आलो. आक्कांनी माझ्यासमोर ताटलीवर फुंकर मारली, टरफलं थेट त्यांच्याच तोंडावर आली, आणि भाचा हसून लोळला. त्यानं पिंजऱ्याला चिठ्ठी लावलीय, वर मराठीत 'आधी फुंका, मग बघा', खाली आक्कांनी सांगितलेलं कानडीत, 'ऊदि नोडरी'. ओढणी परत कपाटात गेली.