कोणती नदी?

२३ सप्टेंबर २०२३. इथे शेफिल्डमध्ये मध्यरात्र उलटली होती, नागपुरात पहाट. अंबाझरी तलावाखाली राहणाऱ्या मावशीचा फोन आला. "नाल्याचं पाणी घरात शिरलं बाप्पा! फ्रिज तरंगून राहिला."

त्या रात्री काळजीच होती. 'नाला' हा शब्द नंतर टोचायला लागला. ज्या नाग नदीवरून शहराला नाव पडलं, तिला आम्ही सगळेच नाला म्हणत मोठे झालो. नाकाला रुमाल लावून पूल ओलांडायचा, एवढीच ओळख.

पुढे तलावाच्या ओव्हरफ्लोजवळच्या विवेकानंद स्मारकाचा वाद उच्च न्यायालयात गेला. स्मारक पाण्याच्या वाटेत आहे की नाही, यावर माझ्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर हाणामारी चालली. विकासवाले आणि पर्यावरणवाले, दोघेही तावातावानं लिहीत होते. लाव्याच्या टेकड्यांतून निघणारी ही नदी पुढे कुठे जाते, हे मात्र एकानंही लिहिलं नाही. (मलाही नकाशा उघडावा लागला. ती कन्हानला मिळते.)

इंग्रजांचे गोडवे गायचे नाहीत मला. शेफिल्डचं नावसुद्धा शीफ नदीवरून पडलंय, आणि यांनी ती रेल्वे स्टेशनखाली गाडून टाकली. २००७ च्या जूनमध्ये डॉन नदीनं यांनाही बुडवलं. पण २०१६ मध्ये पोर्टर ब्रूक या ओढ्याचा एक झाकलेला तुकडा यांनी उघडा केला. पाऊस लागला की शेजारच्या आजी सांगतात, "पोर्टर चढलाय." नावानिशी, घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं.

आपल्या निसर्गलेखनाबद्दल माझी तक्रार इथेच आहे. ते जंगलात जातं. मारुती चितमपल्लींनी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द दिले; कावळ्यांच्या आणि बगळ्यांच्या वसाहतींना मराठीत घर मिळालं. त्यांच्यामागून आलेले आम्ही ताडोबाला जातो, वाघ बघतो, परतल्यावर त्यावर लिहितो. सांडपाण्यानं काळी झालेली, घरामागून वाहणारी नदी मात्र आम्हाला निसर्ग वाटतच नाही. तिच्यावर लिहितात बातमीदार, तेही पूर आला की.

यंदा पावसाळा लागला तेव्हा मावशीला मुद्दाम विचारलं, "नदीला पाणी किती आहे?"

"कोणती नदी? कन्हान?"